११ आणि २० तारखेचं थेन्थुक

महिन्याच्या ११ आणि २० तारखेला मी घरी उशिरा पोचते हे आता आमच्याकडे सगळ्यांना पाठ झालंय. ११ला जीएसटीचं विक्रीचं रिटर्न, २०ला कर भरायचं. वाशीच्या मसाला मार्केटात एका पेढीवर मी १९ वर्षं हिशेब लिहिते. मिरचीच्या हंगामात, म्हणजे मार्च ते मे, बिलांचा नुसता पाऊस पडतो. ब्याडगी, संकेश्वरी, तेजा, काश्मिरी, सगळ्यांचे दर वेगळे, पोत्यांची वजनं वेगळी. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर पुढचे दोन महिने तो आकडा मागे लागतो. रिटर्न भरून झालं, पावती छापून फायलीला लावली, की मी शेठना सांगून उठते. त्या दोन दिवशी मी वाशीहून थेट ठाण्याची लोकल धरत नाही. रिक्षा करते आणि कोपरखैरण्याला उतरते.

कोपरखैरण्यात माथाडी कामगारांना मिळालेल्या बैठ्या घरांच्या रांगा आहेत. आता बहुतेक घरांवर दोन-तीन मजले चढलेत आणि खाली गाळे निघालेत. पिठाची गिरणी, मोबाईल दुरुस्ती, क्लास, पोळीभाजी केंद्र. ही वस्ती मला परकी नाही. माथाडी मंडळी पुष्कळशी आमच्या सातारा जिल्ह्यातली, आणि माझं माहेर पाटण तालुक्यातलं. माझे चुलते माथाडीच होते. पाठीवर पोतं घेऊन मशीद बंदरच्या गल्ल्यांतून चालायचे. पुढे मसाला बाजार तिथून वाशीला आला, तसे तेही इकडे आले. माथाडींचा कायदा १९६९चा. त्यामुळेच आपल्याला घर मिळालं, असं ते शेवटपर्यंत सांगायचे.

त्यातल्याच एका गाळ्यात हे नूडल्सचं दुकान आहे. नाव लिहीत नाही, कारण चालवणाऱ्या दोघांना मी विचारलेलं नाही. नवरा-बायको कालिम्पाँगकडचे, पश्चिम बंगालच्या डोंगराळ भागातले. तो पैसे घेतो, मोमो वळतो, भांडी घासतो. शेगडीवर ती असते. चार टेबलं, आणि भिंतीला लागून एक लांब फळी, तिच्यापुढे पाच स्टुलं. बसलं की तोंड भिंतीकडे होतं. भिंतीवर रंग उडालेल्या पताकांची एक माळ आहे, निळा, पांढरा, तांबडा, हिरवा, पिवळा. तिच्याखाली स्टीलचे ग्लास पालथे घातलेले. मोठ्या अॅल्युमिनियमच्या पातेल्यात सकाळपासून कोंबडीच्या हाडांचं पाणी उकळत असतं, आणि शेजारच्या लहान पातेल्यात शाकाहारी, मुळा आणि आल्याचं. गुरुवारी आणि चतुर्थीला मी त्या लहान पातेल्यातलं घेते.

पहिल्यांदा गेले ती जुलैची ११ तारीख होती. धो धो पाऊस, गाड्या रखडलेल्या. मी ओलीचिंब. आत शिरले आणि दारातच सवयीने म्हणून टाकलं, "एकटीच आहे." ती शेगडीवरून वळली आणि फळीकडे बोट केलं. बस्स. फळीवर आधीच तिघं होते, तिघंही एकेकटे. पावसाळी कोट घातलेला एक डिलिव्हरीचा मुलगा, गणवेशातली एक नर्स, आणि कानात वायरी घातलेली एक विद्यार्थिनी. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. बाईमाणसाने एकटीने हॉटेलात जाऊन जेवायचं म्हणजे काय असतं हे जिला ठाऊक आहे तिला मी काय म्हणते ते कळेल. "और कोई आनेवाला है, मॅडम?" हा प्रश्न मला आजवर इतक्या ठिकाणी इतक्या वेळा विचारला गेलाय की मी एकटीने जायचंच सोडून दिलं होतं. चहा आणि फार तर एक वडापाव, तोही उभ्याने.

पदार्थ लिहिलेल्या फळ्यावर थुक्पा, म्हणजे नूडल्सचं सूप होतं, चाऊमिन होतं आणि थेन्थुक होतं. थुक्पा ऐकून माहीत होता, म्हणून मी थेन्थुक मागवलं. मग तिथून तिचे हात दिसत होते ते बघत बसले. ओल्या फडक्याखालून तिने मैद्याचा गोळा काढला. हाताने दाबून जाड पट्टी केली, ती पट्टी डाव्या मनगटावर टाकली, आणि उजव्या हाताने ओढून, चपटी करून, अंगठ्याच्या पेराएवढे तुकडे तोडून सरळ उकळत्या पातेलीत टाकत गेली. टप, टप, टप. लाटणं नाही, सुरी नाही. पुढे तिनेच सांगितलं, तिबेटी भाषेत थेन म्हणजे ओढणं आणि थुक म्हणजे असलं पातळ, नूडल्स घातलेलं जेवण. हाताने ओढलेलं ते थेन्थुक. बाजारची लांब नूडल घातली तर ग्याथुक. थंड डोंगराळ मुलुखातलं रात्रीचं जेवण. कालिम्पाँगला तिच्या शेजारी तिबेटी कुटुंबं होती, त्यांच्याकडून ती शिकली.

वाटी समोर आली, मी फोटो काढला, आणि तेवढ्यात घरून फोन. मुलाला गॅसची पावती सापडत नव्हती. मग नवरा बोलला, मग सासऱ्यांच्या गोळ्यांचं निघालं. गाळ्याच्या दाराशी उभी राहून मी दहा-बारा मिनिटं बोलले. परत आले तर वाटीतलं पाणी गेलेलं, तुकडे फुगून एकमेकांना चिकटलेले. मी चमचा घालणार इतक्यात तिने वाटी उचलली. "दीदी, ये रुकता नहीं," म्हणाली, आणि दुसरी करून आणली. पैसे एकाच वाटीचे घेतले. मी पुष्कळ म्हणाले, पण ऐकलं नाही.

ये रुकता नहीं. त्या रात्री लोकलमध्ये मला हेच वाक्य आठवत राहिलं.

मैद्याचं पीठ गरम पाण्यात शिजलं तरी पाणी पिणं थांबवत नाही. पिष्ट फुगतच राहतं, वरची साल विरघळून रस्सा गढूळ आणि दाट होत जातो. म्हणून पातळ नूडल्स म्हणजे समोर आल्या की खायच्या. झाकून ठेवता येत नाहीत, पुन्हा गरम केल्या तर लगदा होतो. भात थांबतो, भाजी तर दुसऱ्या दिवशी मुरून जास्तच छान लागते, पोळी डब्यात राहते. ही वाटी मात्र खाणाऱ्यासाठी थांबत नाही, खाणाऱ्यालाच थांबावं लागतं. फोन आला तरी, कुणी हाक मारली तरी.

आणि मी माझ्या लग्नापासून, म्हणजे २५ वर्षं, गरम जेवलेली नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. घरात कुणी मला तसं सांगितलेलं नाही, आणि माझा नवरा दुष्ट नाही. पण तव्यावरची पोळी ताटात पडावी अशी सासऱ्यांना सवय, मुलांनाही तीच लागली, आणि करणारी मी. शेवटची पोळी फुगेपर्यंत बाकीच्यांचे हात धुवून झालेले असतात. मग मी गॅस पुसते, दूध विरजते, आणि बसते. आमटी कोमट, भाताच्या कडा सुकलेल्या. इतकी सवय झाली होती की गरम खाल्लं तर जीभ भाजायची. त्या दिवशी दुसऱ्या वाटीचा पहिला घोट घेतला आणि टाळू भाजली, आणि मी तशीच खात राहिले. डोळ्यांतून पाणी आलं ते मिरचीने, असं शेजारच्या नर्सला वाटलं असेल. तिने न बोलता टिश्यूचं पाकीट माझ्याकडे सरकवलं.

मिरची होतीही. डल्ले म्हणतात तिला, बोराएवढी गोल, तांबडीलाल, लोणच्यात घातलेली. मिरचीच्या बाजारात आयुष्य गेलेल्या बाईने सांगितलं तर पटेल ना? आमच्या लवंगीचा तिखटपणा सुईसारखा टोचतो. डल्लेचा आधी वास येतो, जवळजवळ फळासारखा, आणि मग घशात आग उतरते. अर्धी पुरते.

दुसऱ्या खेपेला मी चटणी चाखली आणि ओठ बधिर झाले. "हे तर तिरफळ!" मी मराठीतच ओरडले. तिला कळेना. मी फोनवर फोटो काढून दाखवला, तिने आतून डबा आणला. काळपट, उकललेल्या सालींचे बारके दाणे. ती म्हणाली, टिमूर. आमच्या पेढीवर कोकणातल्या तिरफळाची पोती येतात, बांगड्याच्या कालवणात घालतात ते. टिमूर आणि तिरफळ दोन्ही झँथोझायलम या एकाच वनस्पती-वंशातली, सख्खी नाही पण चुलत भावंडं. चीनमधल्या सिचुआनची ती प्रसिद्ध मिरीही याच घराण्यातली. म्हणजे ज्या प्रांताचं नाव आपण शेझवान असं करून गाडीवरच्या लाल चटणीला दिलं, त्या प्रांताची खरी खूण मालवणच्या माशाच्या कालवणात आहे, आणि त्या चटणीत बहुधा नुसती मिरची-लसूण. पुढच्या २० तारखेला मी तिच्यासाठी पाव किलो तिरफळ घेऊन गेले. तिने दोन दाणे चावले, डोळे मिटले, मान डोलावली. आता तिची चटणी निम्मी कोकणातली असते.

एकदा हे सुरू झालं की माझं डोकं पेढीवर जातं, त्याला इलाज नाही. चाऊमिनची नूडल पिवळी आणि रबरासारखी ताठ का, हे तिला विचारलं तर ती म्हणाली, त्यात खार असतो. खार! आम्ही पापडखार विकतो, उडदाच्या पापडात घालायचा. तीच गोष्ट. पिठात खार गेला की मैद्यातलं मूळचं फिकं द्रव्य पिवळं होतं आणि कणीक चिवट होते. जुन्या काळी आपल्याकडे साजीखार यायचा, खारट जमिनीतली झुडपं जाळून त्यांच्या राखेतून काढलेला. चीनमध्ये लान्झोऊ शहराच्या हाताने ओढायच्या नूडल्समध्येही अशाच एका वाळवंटी झुडपाची राख घालत. हजारो मैलांवरच्या दोन बायकांनी, एकीने पापडासाठी आणि एकीने नूडलसाठी, राखेचं पाणी पिठात घालून बघितलं असेल. कुणी कुणाला सांगितलं नसेल.

आणि ती लाजियाची वाटी. चीनमध्ये पिवळ्या नदीच्या वरच्या खोऱ्यात लाजिया नावाची जागा आहे. सुमारे ४,००० वर्षांपूर्वी ते गाव भूकंप आणि पुरात गाडलं गेलं. तिथे खणताना एक पालथी पडलेली मातीची वाटी मिळाली, आणि तिच्याखाली नूडल्स. पिवळ्या, बारीक, हातभर लांब. २००५ साली हे जगाला कळलं. तपासणारे म्हणाले, राळ्याच्या आणि वरीसारख्या आणखी एका भरड धान्याच्या आहेत. राळं! आमची आजी राळ्याचा भात करायची. नुसत्या राळ्याच्या पिठाला चिकटपणा नसतो, मग इतक्या लांब नूडल्स ओढल्या कशा, यावर पुढे वाद झाले. पण मला त्यात वेगळंच दिसतं. वाटी भरलेली होती. म्हणजे कुणासाठी तरी वाढून झालं होतं, आणि खाणारं माणूस बसायचं राहिलं.

मग माझ्या आईच्या चकोल्या आठवल्या नसत्या तरच नवल.

विदर्भात वरणफळं म्हणतात, आमच्याकडे चकोल्या. तुरीची पातळ आमटी, त्यात चिंच-गूळ, कांदा-लसणाची चटणी. कणकेची पोळी लाटून सुरीने शंकरपाळ्यासारखे तुकडे करायचे आणि उकळत्या आमटीत सोडायचे. वरून तूप. पाटणच्या पावसात, कौलावर थेंब वाजत असताना, हे खाल्लेलं ज्याला आठवतं त्याला थेन्थुक म्हणजे काय ते समजवावं लागणार नाही. चवीत काही साम्य नाही. इथे आलं आणि हाडांचा रस्सा, तिथे तूर आणि चिंच. पण दातांखाली येणारा तो मऊ, निसरडा तुकडा, कडेला पातळ आणि मध्ये जाड, तो तोच. आणि भुरका. चकोल्यांचा भुरका मारल्याशिवाय त्या खाताच येत नाहीत. इथेही फळीवर सगळे भुरके मारत असतात, नर्ससुद्धा, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

परवाच्या २० तारखेला संकेतस्थळ रडतखडत चाललं होतं. रिटर्न भरलं तेव्हा साडेसात झाले. गाळ्यात पोचले तर ती आवरत होती, पण ओल्या फडक्याखाली एक गोळा ठेवलेला होता. "आज बीस है ना," म्हणाली. फळीवर मी एकटीच. तिने वाटी माझ्यापुढे ठेवली, आणि स्वतःची घेऊन शेजारच्या स्टुलावर बसली. आजवर तिला मी बसलेली पाहिली नव्हती. पाणी उकळत होतं, गॅस चालू होता, नवरा शटर अर्धं ओढत होता, आणि ती बसून जेवत होती. करून होताच बसली, कारण तिची वाटीही थांबणारी नव्हती.

आणि मला एकदम दिसलं. भाकरीच्या दिवशी आई आमच्यात नसायची. ती चुलीपुढे. आम्ही भावंडं, आण्णा, आजी ओळीने बसलेलो, आणि तिकडून थापल्याचा आवाज. एक भाकरी झाली की एकाच्या ताटात. आई कधी जेवली ते आम्ही कधी पाहिलंच नाही. पण चकोल्यांच्या दिवशी अख्खं पातेलं मध्ये यायचं आणि आई आमच्याबरोबर बसायची. पदराने तोंडावरचा घाम पुसायची, पहिला भुरका मारायची आणि म्हणायची, "आटपा, दाट व्हायला लागल्या." मी तिच्या मांडीला टेकून बसायचे. चकोल्या मला आवडतात असं मी जन्मभर सांगत आले. आवडायची ती गोष्ट दुसरीच होती.

लोकलमध्ये घणसोलीला खिडकी मिळाली. तिथूनच आईला फोन लावला. ७६ वर्षांची आहे, गावी भावाकडे असते, नऊपर्यंत जागी असते. थेन्थुकचं सगळं सांगितलं. मग विचारलं, "आई, चकोल्यांच्या दिवशी तू आमच्यात बसायचीस, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? मीच ठरवायची की चकोल्या."

"म्हणजे?"

"भांगलून आलं की हात उचलायचे न्हाईत. सात माणसांच्या भाकऱ्या कोण बडवणार? तुझ्या आण्णांना म्हणायची, पोरांनी चकोल्या मागितल्यात."

आम्ही कधीच मागितलेल्या नव्हत्या. मी काही बोलले नाही. पलीकडे टीव्ही चालू होता. ऐरोली आलं, माणसं चढली-उतरली.

मग तिनेच विचारलं, "ती बाई लाटत न्हाई म्हणतीस? सुरीबी न्हाई? नुसती तोडून टाकती?"

"नुसती तोडून टाकते. मनगटावर पट्टी टाकायची आणि तोडत जायचं."

"मग मला कुणी सांगितलं का न्हाई हे?" आई म्हणाली. "किती लवकर बसली असती मी."